केंद्रक गोल नाही म्हणून केमो सोडायची?

गेल्या महिन्यात माझ्या मावशीने केमोथेरपीचा आठवा डोस चुकवला. स्तनाच्या कर्करोगासाठी तिला पॅक्लिटॅक्सेल हे औषध आठवड्यातून एकदा, असे बारा वेळा द्यायचे ठरले होते आणि त्यांपैकी सात डोस झाले होते. मी लालबागला तिच्या घरी पोहोचले तेव्हा ती गॅलरीतल्या कुंडीतली सदाफुलीची पाने खुडून स्टीलच्या वाटीत टाकत होती, आणि आत ओट्यावर खलबत्ता काढून ठेवलेला होता. काय चालले आहे असे विचारल्यावर तिने काही न बोलता मोबाइल माझ्या हातात दिला.

इमारतीतल्या ज्येष्ठ नागरिकांच्या व्हॉट्सॲप गटावर आलेला तो निरोप त्यानंतरच्या आठवड्यात मला आणखी तीन ठिकाणांहून आला, म्हणून हे सविस्तर लिहीत आहे. निरोपात थोडक्यात असे म्हटले आहे: निरोगी पेशीचे केंद्रक गोल असते आणि ते वेडेवाकडे झाले की कर्करोग किंवा वार्धक्य येते, केंद्रकाला गोल ठेवणारे ‘लॅमिन’ हे प्रथिन वयानुसार कमी होते आणि कोलॅजनची पावडर एकवीस दिवस दुधातून घेतल्यास ते भरून येते, याचा पुरावा म्हणजे परदेशातली ती मुले, जी लॅमिन कमी पडल्यामुळे दहाव्या वर्षी म्हातारी दिसतात, केमोथेरपीची औषधे पेशीतले रस्ते गोठवतात आणि केंद्रक फोडतात, तेव्हा ती ताबडतोब बंद करून रोज रिकाम्या पोटी सदाफुलीच्या पानांचा रस घ्यावा. सोबत एक चित्रफीतही आहे. तीत दोन पायांचे एक प्रथिन मोठा फुगा ओढत दोरीवरून चालताना दिसते आणि खाली लिहिले आहे की हे मायोसिन प्रथिन मेंदूत आनंद वाहून नेत आहे.

मी गेली एकोणीस वर्षे पॅथॉलॉजीच्या प्रयोगशाळेत काम करते. सूक्ष्मदर्शकाखाली पेशींची केंद्रके पाहणे हेच माझे रोजचे काम आहे, आणि त्यामुळे हा निरोप वाचताना मला जो संताप आला तो झाकून ठेवण्याचे मला काही कारण दिसत नाही.

सर्वांत घातक दावा आधी घेते. बाकीचे दावे खोटे असले तरी त्यांनी कोणाचा जीव जाणार नाही. याने जाऊ शकतो.

आपल्या पेशींमध्ये ट्युब्युलिन नावाच्या प्रथिनाचे कण एकाला एक जोडून बनलेल्या अतिशय बारीक पोकळ नळ्या असतात. त्यांना सूक्ष्मनलिका म्हणतात, आणि निरोपातले ‘पेशीतले रस्ते’ म्हणजे याच नळ्या. एका नळीची जाडी साधारण 25 नॅनोमीटर, म्हणजे एका मिलीमीटरात अशा चाळीस हजार नळ्या शेजारी शेजारी मावतील. या नळ्या एका टोकाने वाढत राहतात आणि मग एकाएकी कोसळून आखूड होतात. ही त्यांची उलथापालथ टिम मिचिसन आणि मार्क किर्शनर यांनी 1984 मध्ये दाखवून दिली. पेशी दुभंगण्याच्या वेळी याच नळ्यांची एक चाती तयार होते आणि ती गुणसूत्रांची दोन बाजूंना वाटणी करते. वाटणी नीट व्हायची तर नळ्यांना वाढताही आले पाहिजे आणि आखडताही आले पाहिजे.

पॅक्लिटॅक्सेल नेमके हे आखडणे थांबवते. पॅसिफिक यू नावाच्या झाडाच्या सालीतून मिळालेल्या या द्रव्याची रचना 1971 मध्ये मोनरो वॉल आणि मनसुख वाणी यांनी प्रसिद्ध केली, आणि ते सूक्ष्मनलिकांना घट्ट धरून ठेवते हे 1979 मध्ये सुझन हॉर्विट्झ यांच्या प्रयोगशाळेने सिद्ध केले. अमेरिकेत 1992 मध्ये अंडाशयाच्या आणि 1994 मध्ये स्तनाच्या कर्करोगासाठी त्याला मान्यता मिळाली. तेव्हा ‘केमो पेशीतले रस्ते गोठवते’ हे वाक्य खरे आहे. ते कोणी लपवलेले गुपित नाही, औषधाच्या माहितीपत्रकातच छापलेले असते. नळ्या गोठल्या की वारंवार दुभंगणाऱ्या कर्करोगाच्या पेशीला गुणसूत्रांची वाटणी साधत नाही, गुणसूत्रे वाटेल तशी विखुरतात, एका केंद्रकाऐवजी तीन-चार लहानमोठी वेडीवाकडी केंद्रके तयार होतात आणि अशा पेशी बहुधा मरतात. निरोप लिहिणाऱ्याने फुटलेल्या केंद्रकाचे जे चित्र भीती घालण्यासाठी वापरले आहे, ते औषध लागू पडत असल्याचे चित्र आहे.

शिवाय केंद्रकाचे पटल फाटणे ही मुळात आजाराची खूण नाही. आपल्या शरीरातली प्रत्येक निरोगी पेशी दुभंगताना स्वतःचे केंद्रकपटल स्वतःच मोडते, आणि त्या कामाला डायनीन नावाचे चालक प्रथिन हातभार लावते. हे प्रथिन एका हाताने पटल धरते आणि सूक्ष्मनलिकेवरून चालू लागते. त्या ओढीने पटलाच्या एका बाजूला चुण्या पडतात आणि दुसऱ्या बाजूला ते इतके ताणले जाते की आतले लॅमिनचे जाळे फाटते. 2002 मध्ये दोन निरनिराळ्या संशोधक गटांनी हे दाखवले. जखम भरताना, आतड्याचे अस्तर नवे होताना, केस वाढताना हे आपल्या शरीरात अखंड चालू असते.

आता सदाफुली. हा भाग वाचून मला खरोखर हात जोडावेसे वाटले. 1950 च्या दशकात कॅनडामध्ये रॉबर्ट नोबल आणि चार्ल्स बीअर हे सदाफुलीच्या पानांचा अर्क मधुमेहावर चालतो का, हे तपासत होते. तोंडावाटे दिल्यावर साखरेवर काही परिणाम दिसला नाही, पण तो अर्क टोचलेल्या उंदरांच्या रक्तातल्या पांढऱ्या पेशी झपाट्याने घटल्या आणि ते जंतुसंसर्गाने मेले. त्या धाग्यावरून 1958 मध्ये व्हिन्ब्लास्टिन हाती लागले आणि पुढे त्याच झाडातून व्हिन्क्रिस्टिन. ही दोन्ही द्रव्ये आज केमोथेरपीतच वापरली जातात, आणि दोन्हींचे काम सूक्ष्मनलिका बनू न देणे हे आहे. म्हणजे ‘केमो पेशीतले रस्ते बिघडवते, म्हणून ती सोडून सदाफुली घ्या’ असे सांगणारा माणूस रस्ते बिघडवणाऱ्या एका औषधाच्या जागी रस्ते बिघडवणारे दुसरे विष सुचवत आहे, आणि तेही मोजमाप नसलेले.

मोजमापाचा मुद्दा मी मावशीला पुन्हा पुन्हा सांगितला. व्हिन्क्रिस्टिन प्रौढ रुग्णाला एका वेळी साधारणपणे 2 मिलीग्रॅमच्या वर देत नाहीत, कारण त्यापुढे ते नसांना मोठी इजा करते. पानांत ही द्रव्ये अत्यल्प असतात, शेकडो किलो वाळलेल्या पानांतून जेमतेम एखादा ग्रॅम निघतो, म्हणून मूठभर पानांच्या रसाने कर्करोग बरा होणे शक्य नाही. पण त्याच पानांत दुसरीही कितीतरी अल्कलॉइड असतात, कोणत्या कुंडीतल्या पानात कोणते किती हे कोणालाही सांगता येणार नाही, आणि पॅक्लिटॅक्सेलचा निचरा करणाऱ्या यकृतावर हा जादा भार कसा पडेल हेही नाही. केमोमुळे मावशीच्या पांढऱ्या पेशी आधीच कमी झालेल्या आहेत, आणि नेमक्या त्याच पेशी घटवतात म्हणून सदाफुलीची द्रव्ये प्रथम लक्षात आली होती. ‘नैसर्गिक आहे’ हे उत्तर मला कोणी देऊ नये. पॅक्लिटॅक्सेलही झाडाच्या सालीतूनच आलेले आहे. पावसाळ्यात आपल्या डोंगरांवर फुलणाऱ्या कळलावीच्या कंदातले कोल्चिसिन हेही सूक्ष्मनलिकाच मोडते, आणि तो कंद खाऊन माणसे मरतात.

एक गोष्ट मात्र मला मान्य करावी लागते, आणि ती मी नाइलाजाने करते. मावशीने या निरोपावर विश्वास ठेवला तो ती भोळी आहे म्हणून नव्हे. चौथ्या डोसनंतर तिच्या बोटांना मुंग्या येऊ लागल्या होत्या. पाचव्यानंतर सुईत दोरा ओवता येईना, सहाव्यानंतर ब्लाउजचे हुक लावता येईनात. गरम वाटी हातात धरलेली कळत नसे आणि ती हातातून सुटल्यावरच कळे. तिने दोनदा सांगितले आणि दोन्ही वेळा ‘होते असे’ एवढेच उत्तर मिळाले. त्या निरोपाने मात्र तिला कारण सांगितले: औषधाने रस्ते गोठले आहेत, म्हणून नसांपर्यंत माल पोहोचत नाही. हे कारण बऱ्याच अंशी बरोबर आहे. नसेची पेशी पाठीच्या कण्याजवळ असते आणि तिचा धागा पायाच्या अंगठ्यापर्यंत, सुमारे एक मीटर, पसरलेला असतो. त्या धाग्यात सूक्ष्मनलिकांवरून कायनेसिन हे दुसरे चालक प्रथिन टोकाकडे माल नेते आणि डायनीन टोकाकडून परत आणते. सर्वांत वेगवान मालसुद्धा दिवसाला सुमारे 400 मिलीमीटर एवढाच सरकतो, म्हणजे कण्यापासून अंगठ्यापर्यंत दोन ते अडीच दिवस. ही वाहतूक अडखळली की सर्वांत लांबच्या टोकांना सर्वांत आधी झळ बसते आणि म्हणून मुंग्या बोटांत आणि तळव्यांत येतात. एवढे तिला कोणी पाच मिनिटे बसून समजावले असते तर तिने खलबत्ता काढला नसता, असे माझे प्रामाणिक मत आहे.

पण कारण बरोबर असले म्हणजे उपाय बरोबर ठरत नाही. मुंग्या वाढत असतील तर डोस कमी करता येतो, पुढे ढकलता येतो, प्रसंगी औषध बदलता येते. हे निर्णय डॉक्टर रोज घेतात, आणि ते घेण्यासाठी त्यांना ‘हुक लावता येत नाहीत’ हे नेमक्या शब्दांत कळावे लागते. उपचार परस्पर सोडून देणे हा यातला पर्याय नाही. आणि सदाफुलीतले व्हिन्क्रिस्टिन तर मुंग्यांसाठी पॅक्लिटॅक्सेलइतकेच कुप्रसिद्ध आहे.

आता गोल केंद्रकाचा दावा. माझ्या कामाशी याचा थेट संबंध आहे, त्यामुळे येथे मी थोडा वेळ घेणार आहे.

रक्ताचा एक थेंब काचेवर पसरून, लीशमन रंग चढवून, तेल टाकून शंभरपट भिंगाखाली ठेवला की सर्वांत आधी डोळ्यांत भरतात त्या न्यूट्रोफिल पेशी. आपल्या पांढऱ्या पेशींत त्यांचीच संख्या सर्वांत जास्त असते. फिकट गुलाबी पेशीत गडद जांभळे केंद्रक दिसते, आणि ते अजिबात गोल नसते: तीन, चार, कधी पाच गाठी, आणि त्यांना जोडणारे केसासारखे बारीक धागे, जणू दोऱ्यात सैलसर ओवलेले मणी. शेजारी मोनोसाइट असेल तर तिचे केंद्रक मूत्रपिंडासारखे वाकलेले असते. त्यांच्या अवतीभवती पसरलेल्या हजारो लाल पेशींना तर केंद्रकच नसते, आणि शरीरातल्या सर्व पेशी मोजल्या तर बहुसंख्य पेशी याच आहेत. ही काच मी आजारी माणसाची म्हणून सांगत नाही. ठणठणीत माणसाची काच अशीच दिसते.

उलट पेल्गर–ह्युएट नावाची एक आनुवंशिक स्थिती आहे. पेल्गर यांनी 1928 मध्ये तिचे प्रथम वर्णन केले. केंद्रकाच्या आतल्या पटलात लॅमिनला धरून ठेवणारे एक प्रथिन असते, त्याच्या जनुकात बिघाड असल्यामुळे ती उद्भवते, हे 2002 मध्ये कळले. ज्यांच्याकडे बिघडलेल्या जनुकाची एक प्रत असते त्यांच्या न्यूट्रोफिलच्या केंद्रकात चष्म्यासारख्या दोनच गाठी असतात आणि ही माणसे सहसा निरोगी आयुष्य जगतात. दोन्ही प्रती बिघडलेल्या असतील तर ते केंद्रक जवळजवळ गोल असते. म्हणजे या पेशीत गोल केंद्रक हीच दोषाची खूण आहे. निरोपातला नियम घेऊन प्रयोगशाळेत कोणी बसला तर तो निरोग्याला आजारी आणि बिघडलेल्याला निरोगी ठरवेल.

मग केंद्रकाचा आकार ठरवते तरी कोण? पावसाळ्याच्या तोंडावर आपल्याकडे गच्चीवर आणि गाळ्यांवर ताडपत्री बांधतात, ती डोळ्यांसमोर आणावी. ताडपत्रीचा आकार तिच्या कापडाच्या ताठपणावर अवलंबून असतो, खालच्या बांबूंवर अवलंबून असतो आणि चारी बाजूंनी कोण किती ताणून दोऱ्या बांधतो यावरही असतो. यांतले एक जरी बदलले तरी ती फुगते, लोंबते किंवा फाटते. केंद्रकाचेही तसेच आहे. केंद्रकपटलाच्या आतल्या बाजूला लॅमिन प्रथिनांच्या तंतूंचे जाळे असते. सस्तन प्राण्यांच्या पेशीत त्याची जाडी सुमारे 14 नॅनोमीटर भरते आणि केंद्रकाला ताठपणा त्यातून येतो. बाहेर पेशीद्रवात अॅक्टिनचे तंतू आणि मायोसिन मिळून आकुंचन पावतात आणि केंद्रकाला वरून दाबतात, तर सूक्ष्मनलिकांवरून डायनीन आणि कायनेसिन त्याला विरुद्ध दिशांना ओढतात. ही बाहेरची ओढ आतल्या जाळ्यापर्यंत पोहोचवण्यासाठी पटलाच्या दोन्ही थरांना ओलांडणारी सन आणि नेस्प्रिन ही प्रथिने एकमेकांत अडकलेली असतात. या जोडणीला 2006 पासून लिंक संकुल असे नाव आहे. नेस्प्रिनचे काही प्रकार अॅक्टिनला धरतात, तर नेस्प्रिन-4 कायनेसिनला.

कोणत्या पेशीत हे जाळे किती दाट ठेवायचे, हे त्या पेशीच्या कामाप्रमाणे ठरते. हाड आणि स्नायू यांसारख्या ताठ ऊतींत ए प्रकारचे लॅमिन जास्त असते आणि मेंदूसारख्या मऊ ऊतीत कमी, असे 2013 मध्ये पेनसिल्व्हेनिया विद्यापीठातल्या डेनिस डिशर यांच्या गटाने मोजून दाखवले. न्यूट्रोफिल पक्व होताना ते लॅमिन मुद्दाम कमी करते, कारण तिला केशवाहिनीच्या भिंतीतल्या फटींमधून स्वतःला पिळून जंतूंपर्यंत पोहोचायचे असते आणि ताठ गोल केंद्रक तेथे अडकून पडले असते. ‘लॅमिन जितके जास्त तितके चांगले’ असा नियम शरीरात नाही. पुरुषबीजाचे केंद्रक तर सूक्ष्मनलिकांच्या एका झालरीने दाबून दाबून चपटे आणि निमुळते केले जाते, आणि ते तसे झाले नाही तर वंध्यत्व येऊ शकते.

ओढणारे प्रथिन बिघडले तर काय होते याचे उदाहरण मेंदूत सापडते. गर्भाच्या मेंदूत नवी चेतापेशी आतून बाहेरच्या थराकडे सरकते तेव्हा डायनीन तिच्या केंद्रकाला पुढे ओढून नेते. डायनीनला साथ देणाऱ्या लिस-1 या प्रथिनाच्या जनुकात बिघाड असला तर केंद्रके वाटेतच रेंगाळतात, पेशी आपल्या थरापर्यंत पोहोचत नाहीत आणि बाळाचा मेंदू वळ्या न पडता गुळगुळीत राहतो. अशा मुलांना तीव्र अपस्मार आणि मतिमंदत्व येते. केंद्रक आणि चालक प्रथिने यांचे नाते इतके गंभीर आहे, आणि म्हणूनच त्याचा वापर पावडर खपवण्यासाठी झालेला मला सहन होत नाही.

कर्करोगाच्या पेशींची केंद्रके वेडीवाकडी असतात, हे अर्धसत्य मात्र आहेच. पॅपनिकोलाऊ यांनी 1940 च्या दशकात रूढ केलेली गर्भाशयमुखाची चाचणी याच निरीक्षणावर उभी आहे, आणि स्तनाच्या कर्करोगाची श्रेणी ठरवताना ज्या तीन गोष्टींना एक ते तीन गुण देतात त्यांत केंद्रकांचा वेडेवाकडेपणा ही एक आहे. मावशीच्या अहवालातही ती ओळ आहे. पण तेथे आम्ही आकाराबरोबर केंद्रकाचा मोठेपणा, रंगाचा गडदपणा, शेजारच्या पेशींशी असलेली तफावत आणि ऊतीची एकूण मांडणी हे सर्व पाहतो. जनुकांतल्या बिघाडाने पेशी बेलगाम झाल्यामुळे केंद्रक बिघडते. धुरावरून आग ओळखता येते, म्हणून धूर पुसल्याने आग विझत नाही.

आता त्या मुलांविषयी, कारण निरोपाचा सगळा डोलारा त्यांच्यावर उभा आहे. त्या आजाराचे नाव प्रोजेरिया. साधारण चाळीस लाख जन्मांत एखाद्या बाळाला तो होतो आणि उपचार नसेल तर ही मुले सरासरी साडेचौदा वर्षे जगतात. 2003 मध्ये ‘नेचर’ या नियतकालिकात फ्रान्सिस कॉलिन्स यांच्या गटाचा लेख आला. त्यांनी तपासलेल्या 20 रुग्णांपैकी 18 जणांत लॅमिनच्या जनुकात नेमके एकच अक्षर बदललेले सापडले. या बदलामुळे प्रथिन बनताना त्यातली 50 अमिनो आम्ले गळून जातात. जे प्रथिन उरते त्याला प्रोजेरिन म्हणतात. सामान्य लॅमिन तयार होताना त्याच्या शेपटाला एक स्निग्ध धागा जोडलेला असतो आणि काम झाल्यावर तो कापून टाकला जातो. प्रोजेरिनमध्ये कापण्याची ती जागाच गळालेली असते, म्हणून ते त्या धाग्यासकट केंद्रकपटलात कायमचे चिकटून राहते, साठत जाते, आणि केंद्रकाला फुगवटे येतात.

हा लेख निरोप लिहिणाऱ्याने वाचला असता तर त्याने तो पुरावा म्हणून दिलाच नसता. या मुलांना लॅमिन कमी पडलेले नाही. त्यांच्यात चुकीचे लॅमिन साठते आहे. त्यांच्यासाठी 2020 मध्ये अमेरिकेत मान्यता मिळालेले लोनाफार्निब हे औषध लॅमिनची भर घालत नाही, तर तो स्निग्ध धागा जोडणाऱ्या विकराला अडवते, म्हणजे चिकटणे कमी करते. जिथे समस्या साठण्याची आहे तिथे भर घालण्याचा उपाय सुचवला जात आहे आणि त्यासाठी त्या मुलांची छायाचित्रे वापरली जात आहेत. त्यांच्या आईवडिलांच्या नजरेस हे पडले तर त्यांना काय वाटेल, हा विचार माझ्या मनातून जात नाही.

पावडरीबद्दल फार लिहिण्याची गरज नाही. कोलॅजन पेशीच्या बाहेर असते आणि लॅमिन केंद्रकाच्या आत. दोघांचा परस्परसंबंध नाही. निरोपात मध्येच ‘लॅमिनिन’ असाही शब्द आला आहे. ते तिसरेच प्रथिन आहे आणि तेही पेशीबाहेर राहते. नावे सारखी वाटली म्हणून तिघांची खिचडी केलेली दिसते. कोणतेही प्रथिन खाल्ले तरी जठरात आणि आतड्यात त्याचे तुकडे होऊन अमिनो आम्ले उरतात, आणि तीच अमिनो आम्ले डाळ-भात, अंडे, दही यांतूनही मिळतात. पुढे त्यांपासून किती लॅमिन बनवायचे ते पेशीची जनुके ठरवतात. केमो चालू असताना पुरेसे प्रथिन पोटात जाणे आवश्यक आहे हे खरे, पण त्यासाठी आहारतज्ज्ञ मावशीला मूग, पनीर आणि अंडी सांगून गेल्या होत्या, ते पुरे आहे. एकवीस दिवस हा आकडा कोठून आला, याचा कसलाही आधार निरोपात नाही.

चित्रफीत तर खरी नाहीच. ते 2006 मध्ये हार्वर्ड विद्यापीठासाठी बनवलेले संगणकीय चलच्चित्र आहे. त्यातले प्रथिन मायोसिन नसून कायनेसिन आहे, ते ज्यावर चालते ती दोरी म्हणजे सूक्ष्मनलिका, आणि तो फुगा म्हणजे पेशीतल्या मालाची पिशवी. आनंद ही पिशवीत भरून नेण्याची वस्तू नाही. कायनेसिनचे एक पाऊल 8 नॅनोमीटरचे असते आणि प्रत्येक पावलाला एटीपीचा, म्हणजे पेशीच्या इंधनाचा, एक रेणू खर्च होतो. असे चालणे साध्या सूक्ष्मदर्शकातून पाहता येत नाही, ते लेझर किरणांच्या चिमट्यात मणी धरून मोजावे लागते. आणि हे मोजण्याचे उत्तम काम आपल्या मुंबईतच, कुलाब्याच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेत झाले आहे. रूप मलिक आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी पेशीत अनेक डायनीन एकजुटीने मोठी ओढ कशी निर्माण करतात हे 2013 मध्ये दाखवले, आणि 2014 मध्ये मलिक यांना शांतिस्वरूप भटनागर पुरस्कार मिळाला. लालबागहून तासाभराच्या अंतरावर हे संशोधन झाले आहे, आणि आपल्या गटांवर मात्र मायोसिन आनंद वाहते आहे.

त्या दिवशी मावशी आणि मी बराच वेळ बोललो. मी तिला कागदावर नळी, चाती आणि तिच्या बोटापर्यंत जाणारा नसेचा धागा काढून दाखवला. तिने शेवटी एकच प्रश्न विचारला, “अगं, मग हे मला त्यांनी का नाही सांगितलं?” याचे उत्तर माझ्याकडे नव्हते. दुसऱ्या दिवशी सकाळी तिच्या सुनेला घेऊन आम्ही रुग्णालयात गेलो आणि या वेळी मावशीने मुंग्यांऐवजी सुई, हुक आणि हातातून सुटलेली वाटी असे सांगितले. डॉक्टरांनी टाचणीने बोटे तपासली, नादकाटा वाजवून तिच्या घोट्यावर टेकवला आणि कंप थांबल्याचे तिला कधी कळते ते पाहिले. मग डोस कमी केला आणि आठवा डोस अकरा दिवस उशिराने दिला. आता प्रत्येक डोसच्या आधी परिचारिका तिला ब्लाउजचे हुक स्वतः लावले का, असे विचारून वहीत लिहून ठेवते. गेल्या मंगळवारी दहावा डोस झाला. वरचे दोन हुक अजून सूनच लावते, खालचे मावशी स्वतः लावते.